गाडीच्या पोटाखालचा शाफ्ट आणि त्याची घरगुती निगा

पिकअप, छोटा मालवाहू ट्रक किंवा मागच्या चाकांवर चालणारी दणकट जीप यांच्या देखभालीचा विचार करताना मालकाच्या मनात सर्वप्रथम इंजिन ऑइल येते, त्यामागून टायर, ब्रेक आणि बॅटरी येतात; गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून मागच्या ॲक्सलपर्यंत गाडीच्या पोटाखालून गेलेली पोलादी नळी मात्र या यादीत क्वचितच असते. वास्तविक इंजिनात निर्माण झालेली ताकद चाकांपर्यंत याच नळीच्या मार्गाने पोहोचते. तिला ड्राइव्ह शाफ्ट किंवा प्रोपेलर शाफ्ट म्हणतात आणि गॅरेजच्या बोलीत ती नुसती ‘प्रोपेलर’ असते. १९८६ साली बाजारात आलेला टाटा ४०७, २००० सालापासून रस्त्यावर असलेली बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, स्कॉर्पिओ, क्वालिस, थार, गुरखा अशा ज्या गाड्यांवर महाराष्ट्रातील बाजार समित्या, वडाप आणि वऱ्हाडे चालतात, त्या सर्वांच्या खाली ती असते. इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, २०० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर चार धरले, तर घाटात गाडी उचलताना या नळीवर सुमारे ८०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो; एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ऐंशी किलोचा माणूस लोंबकळला तर जेवढा पीळ बसेल, तेवढा हा असतो.

या शाफ्टची निगा घरच्या घरी राखता येते का, या प्रश्नाचे उत्तर सरसकट होकारार्थी देता येत नाही. धुणे, पाहणे, हाताने चाचपणे आणि ग्रीस भरणे ही कामे अंगणात निश्चित होऊ शकतात. शाफ्ट उतरवणे, त्याचे सांधे बदलणे आणि त्याचा तोल साधणे ही कामे ज्याच्याकडे साधने आहेत त्याच्याकडेच गेलेली बरी. शिवाय जे काम घरी करायचे, त्यातही ग्रीस भरणे हा बराचसा निमित्ताचा भाग आहे. सांध्यात ताजे ग्रीस शिरताना जुने ग्रीस कोणत्या रंगाचे आणि कोणत्या कपातून बाहेर पडते, यावरून त्या सांध्याची प्रकृती कळते, आणि ही माहिती गाडीखाली गेल्याशिवाय मिळत नाही. केवळ ‘ग्रीसिंग केले’ अशी नोंद पावतीवर आली म्हणून ही पाहणी झालीच असे समजता येत नाही.

गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो, तर मागचा ॲक्सल कमानपाट्यांवर किंवा कॉइल स्प्रिंगवर तरंगत असतो आणि प्रत्येक खड्ड्यागणिक व लादलेल्या प्रत्येक पोत्यागणिक वरखाली होतो. त्यामुळे या दोहोंना जोडणाऱ्या शाफ्टला फिरता फिरताच आपला कोनही बदलावा लागतो आणि लांबीही. लांबी बदलण्याची सोय सरकत्या सांध्याने होते. त्यात आतल्या दांड्यावरील लांबट दाते बाहेरच्या नळीतील खाचांत बसलेले असतात आणि पीळ पोहोचवता पोहोचवता मागेपुढे सरकतात. कोन बदलण्याची सोय युनिव्हर्सल जॉइंट करतो, ज्याला आपल्याकडे त्याच्या मधल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या तुकड्यावरून ‘क्रॉस’ म्हटले जाते. या तुकड्याला चार खुंट असतात, प्रत्येक खुंटावर एक पोलादी कप बसतो, आणि कपाच्या आतल्या कडेने सुईसारखे बारीक रोलर ओळीने उभे असतात. समोरासमोरचे दोन कप एका दुबेळक्या योकमध्ये आणि उरलेले दोन दुसऱ्या योकमध्ये अडकवले, की दोन शाफ्ट एकमेकांशी कोन करूनही एकत्र फिरू शकतात.

ही कल्पना मोटारीपेक्षा बरीच जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती जिरोलामो कार्दानो याचे नाव तिला युरोपात चिकटले असून तेथे या शाफ्टला आजही कार्डन शाफ्ट म्हणतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात असा सांधा खगोलीय उपकरणांसाठी वर्णन केला. मोटारीत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अनेक गाड्यांची ताकद मागच्या चाकांकडे साखळीने जात असे, जिला तेल लागे, जी आवाज करी आणि जिच्यात धूळ बसे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसर याने आच्छादित युनिव्हर्सल जॉइंट तयार करून १९०३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीतील प्लेनफिल्ड येथे त्याचे उत्पादन सुरू केले. त्याच उद्योगाला पुढे १९४६ मध्ये डेना हे नाव मिळाले, आणि स्पायसर हे नाव सुट्या भागांच्या दुकानातील क्रॉसच्या खोक्यांवर अजूनही दिसते. सांध्याला आच्छादन घालण्यामागचा मूळ हेतू ग्रीस आत आणि धूळ बाहेर राखण्याचा होता, आणि सव्वाशे वर्षांनंतरही या सांध्याचा मृत्यू बहुधा या दोन गोष्टींची अदलाबदल झाल्यानेच होतो.

हूकच्या सांध्यात एक उपजत दोष आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय देखभालीतील अर्ध्या सूचना निरर्थक वाटतात. सांधा कोनात फिरत असताना आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर जाणारी गती एकसारखी राहत नाही; प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर आणि मागच्या ॲक्सलमधील गिअरचे गुणोत्तर चार असलेली गाडी ताशी ८० किलोमीटरने जात असेल, तर चाक मिनिटाला सुमारे ६०० आणि शाफ्ट सुमारे २,४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला चाळीस. सांध्याचा कोन १० अंश असेल तर पुढच्या तुकड्याची गती २,३६४ ते २,४३७ यांच्यामध्ये झुलते, आणि कोन २० अंशांवर गेला तर हा झोका २,२५५ ते २,५५४ इतका रुंदावतो. हे सेकंदाला ऐंशी वेळा घडत असल्याने ते डोळ्यांना दिसत नाही, पण सीटखाली जाणवते.

या दोषावरचा उपाय म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा सांधा बसवतात आणि पहिल्याने केलेली चढउतार दुसऱ्याने पुसून टाकावी अशी योजना करतात. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात: दोन्ही सांध्यांचे कोन जवळजवळ सारखे हवेत, आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. या दुसऱ्या अटीला फेज म्हणतात. सरकता सांधा उघडून पुन्हा बसवताना एकदोन दात चुकले, तरी फेज बिघडते आणि दोन सांधे एकमेकांची चढउतार पुसण्याऐवजी ती वाढवू लागतात. म्हणूनच अनेक शाफ्टवर कारखान्यातच बाणाच्या खुणा ठोकलेल्या असतात, आणि म्हणूनच कोणताही नट सैल करण्यापूर्वी प्रत्येक जोडावर रंगाची आडवी रेघ ओढणे हा नियम अनुभवी मेकॅनिकही मोडत नाहीत. नवा क्रॉस घालून आणल्यानंतर गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाने नव्या भागाला दोष देण्याआधी या बाणांकडे पाहिलेले बरे.

क्रॉस झिजतो कसा, हेही थोडे अनपेक्षित आहे. शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत असला तरी कपातील सुया खुंटाभोवती पूर्ण फिरत नाहीत. सांध्याच्या कोनाइतक्याच त्या मागेपुढे डोलतात. कोन दोनतीन अंशांचा असेल तर हे डोलणेही तेवढेच, त्यामुळे प्रत्येक सुई खुंटाच्या त्याच चिंचोळ्या पट्टीवर लाखो वेळा दाबली जाते आणि त्या पट्टीवरचे ग्रीस हळूहळू बाजूला सारले जाते. ताजे ग्रीस आले नाही तर पोलादावर पोलाद घासून अतिशय बारीक, विटकरी रंगाची पूड तयार होते आणि खुंटावर सुयांच्या आकाराचे चर पडतात. यातून निघणारा एक निष्कर्ष असा, की कोन मुळीच नसणेही सांध्याला मानवत नाही, कारण मग सुया हलतच नाहीत आणि एकाच जागी ठोके खात राहतात; त्यामुळे अभियंते सांध्याला निदान अर्धा अंश तरी कोन मुद्दाम ठेवतात आणि नेहमीच्या चालीत तो साधारण तीन अंशांच्या आत राहावा असे पाहतात. गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगखाली ठोकळे घालणारे किंवा क्षमतेच्या दुप्पट माल भरून पाटे उलटे करणारे मालक हा हिशेब नकळत विस्कटतात, आणि मग वर्षाला दोन क्रॉस बदलावे लागले की कंपनीला बोल लावतात.

बिघाडाची चाहूल शाफ्ट बऱ्याच आधी देतो आणि ती वेगवेगळ्या रूपांत येते. गाडी हळू चालत असताना पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा बारीक, वेगाबरोबर जलद होणारा आवाज आला तर तो कोरड्या पडलेल्या क्रॉसचा असण्याची शक्यता मोठी असते. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये जाताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना पोटाखालून ‘ठक्’ असा धातूचा ठोका येणे म्हणजे सांध्यात खेळ पडला आहे, जरी तसाच ठोका डिफरन्शियलमधील किंवा सरकत्या दात्यांमधील झिजेमुळेही येऊ शकतो. भरलेली गाडी जागेवरून निघताना अंगभर हुडहुडी भरल्यासारखी थरथरत असेल तर संशय सेंटर बेअरिंगवर घ्यावा. लांब शाफ्ट एका ठराविक गतीला मध्यभागी वाकून घुमू लागतो, हे टाळण्यासाठी लांब गाड्यांत शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये रबरात बसवलेल्या बेअरिंगचा आधार दिलेला असतो. ते रबर फाटले की बेअरिंग जागेवर राहत नाही. एका विशिष्ट वेगाला सुरू होऊन त्यापुढे वाढत जाणारी थरथर मात्र बहुधा तोल बिघडल्याची खूण असते, आणि तिचा उगम पुष्कळदा अगदी साध्या गोष्टीत, म्हणजे शाफ्टला चिकटून वाळलेल्या चिखलात असतो.

चिखलाचा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मध्यापासून ४ सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे नळीच्या पृष्ठभागावर, अवघ्या १० ग्रॅमचा गोळा एका बाजूला चिकटला, तर मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर तो शाफ्टला सुमारे अडीच किलो वजनाएवढ्या बलाने बाहेर ओढतो. ५० ग्रॅमचा असेल तर साडेबारा किलो, आणि वेग दुप्पट झाला तर त्याच्याही चौपट. काळ्या जमिनीतील पाणंद रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शाफ्टवर ५० ग्रॅम माती म्हणजे काहीच नाही. कारखान्यात शाफ्टचा तोल साधताना नळीवर पोलादाच्या लहान चकत्या वेल्डिंगने बसवलेल्या असतात त्या याच कारणासाठी, आणि त्या निरुपयोगी चिकटपट्ट्या समजून छिन्नीने उडवणे ही फार महागात पडणारी स्वच्छता ठरते.

प्रत्यक्ष पाहणीची सुरुवात सुरक्षिततेपासून करावी लागते आणि येथे घाई अजिबात परवडत नाही. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, किल्ली काढून खिशात ठेवावी, हँडब्रेक पूर्ण ओढावा, आणि चाकांच्या पुढे व मागे लाकडाचे भक्कम ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. ठोकळ्यांचे महत्त्व दोन कारणांनी असते. शाफ्ट हाताने हलवून पाहण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी लागते, तेव्हा गिअरची धर संपते. आणि मागचे एकच चाक जॅकने उचलले तर गाडी गिअरमध्ये असूनही गिअरची धर राहत नाही, कारण डिफरन्शियल उचललेल्या चाकाला मोकळे फिरू देतो. शाफ्ट काढून ठेवला तर गिअरबॉक्स आणि चाके यांचा संबंधच तुटतो, आणि ज्या गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर काम करतो त्यांत तोही निकामी होतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. उचललीच तर ॲक्सलखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावूनच जावे. पिकअप आणि जीप यांची उंची पाहता बहुतेक वेळा त्या उचलाव्या लागतच नाहीत, हे एक सुदैव आहे. सायलेन्सरची नळी शाफ्टच्या शेजारूनच जाते, म्हणून गाडी गार झाल्यावरच काम सुरू करावे.

आवाज कुठून येतो ते पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून शाफ्ट फिरत असताना गाडीखाली डोकावणे हा प्रकार काही ठिकाणी सर्रास चालतो, आणि तो प्राणघातक आहे. फिरत्या क्रॉसमध्ये सदऱ्याची बाही, ओढणी किंवा गमछा अडकला तर सोडवून घ्यायला वेळच मिळत नाही. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटरला जोडलेला शाफ्ट याच जातीचा असून तो नेहमीच्या ५४० फेऱ्यांच्या गतीलाही सेकंदाला नऊ वेळा फिरतो. त्यावरील प्लास्टिकचे आवरण काढून टाकण्याची खेड्यातील सवय किती घातक आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

पाहणीपूर्वी शाफ्ट धुवावा, पण जोरदार फवाऱ्याचा झोत थेट कपांच्या सीलवर किंवा सेंटर बेअरिंगवर मारू नये, कारण तो झोत सीलच्या ओठातून पाणी आणि माती आत घुसवतो आणि जे टाळायचे तेच घडते. साधे पाणी, ब्रश आणि चिंधी एवढ्यावर काम भागते. धुऊन वाळल्यावर नळीवर पोचा आहे का, तोलाची एखादी चकती गळून तेथे वेल्डिंगचा उघडा डाग राहिला आहे का, कपांना जागेवर धरणारी सर्क्लिप आपल्या खाचेत पूर्ण बसली आहे का, हे पाहावे. कपाच्या कडेला विटकरी पूड दिसली तर तो क्रॉस आतून संपत आला आहे असे समजावे. त्या अवस्थेत ग्रीस भरल्याने आवाज काही दिवस दबेल, झीज मात्र भरून येणार नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाशी किंवा डिफरन्शियलच्या पुढच्या तोंडाशी तेलाची ओल दिसली तर तेथील ऑइल सील गेलेले असू शकते, आणि अनेकदा ते सील मरण्याचे कारण थरथरणारा शाफ्टच असतो.

हाताची चाचणी सोपी असली तरी तिच्यात नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. न्यूट्रलमध्ये शाफ्ट धरून पिळला की तो थोडासा पुढेमागे फिरतोच, कारण डिफरन्शियलच्या गिअरदात्यांमध्ये आवश्यक म्हणून ठेवलेली थोडी मोकळीक असते. तिला पाहून घाबरण्याचे कारण नाही. पाहायचे ते हे, की क्रॉसच्या अलीकडचा योक आणि पलीकडचा योक एकाच वेळी हलतात की एक आधी आणि दुसरा किंचित नंतर. एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरा योक धरून त्यांना परस्परविरुद्ध पिळावे, नंतर शाफ्ट वरखाली दाबून पाहावा. क्रॉसमध्ये बोटांना जाणवेल इतका कोणताही खेळ मान्य करण्याजोगा नसतो. सरकत्या सांध्यात किंचित हालचाल चालते, पण ठोका ऐकू येता कामा नये. सेंटर बेअरिंगचे रबर बोटाने दाबून भेगा शोधाव्यात.

आता ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेले तेल होय, आणि दाब पडला की हे तेल हळूहळू पाझरते. त्याचा घट्टपणा अमेरिकेतील नॅशनल ल्युब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूट या संस्थेच्या ०००पासून ६पर्यंतच्या श्रेणीत मोजतात, ज्यावरून डब्यावर एनएलजीआय २ असे लिहिलेले आढळते. क्रॉससाठी सामान्यतः लिथियम साबणाचे, दोन क्रमांकाचे आणि ईपी, म्हणजे प्रचंड दाबाखालीही पातळ थर टिकवणारी रसायने मिसळलेले ग्रीस योग्य ठरते. मात्र गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचे ऐकावे. वेगवेगळ्या साबणांची ग्रीसे एकत्र आली तर काही मिश्रणे पातळ होऊन वाहून जातात, म्हणून दुकानात जे मिळेल ते भरत राहण्यापेक्षा एकच जात धरून राहणे शहाणपणाचे असते.

ग्रीस आत घेणाऱ्या निपलच्या तोंडावरची माती पुसूनच गन लावावी, नाहीतर पहिल्या दाबाबरोबर तीच माती सांध्यात जाते. हाताने चालणारी ग्रीसगन येथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनपेक्षा बरी, कारण दाब हळूहळू वाढतो, सील फाटत नाहीत आणि काय बाहेर पडते ते पाहायला सवड मिळते. ताजे ग्रीस चारही कपांच्या सीलमधून डोकावेपर्यंत गन चालवावी. दोनतीन ठोक्यांत थांबणे हा पुष्कळ गॅरेजांतला शिरस्ता आहे आणि तो निरुपयोगी आहे. तीन कपांतून ग्रीस आले आणि चौथ्यातून आले नाही, तर तो चौथा कप कोरडा राहणार आणि क्रॉस त्याच्यामुळेच मरणार. अशा वेळी शाफ्ट त्या कपाच्या उलट दिशेला दाबून धरावा किंवा गाडी थोडी पुढे ढकलून शाफ्ट फिरवून घ्यावा व पुन्हा प्रयत्न करावा. गाडी ढकलताना अर्थातच तिच्याखाली कोणी नसावे. तरीही ग्रीस येत नसेल तर वाट बुजलेली आहे आणि क्रॉस बदलण्याची वेळ आलेली आहे.

बाहेर पडणाऱ्या जुन्या ग्रीसचा थोडा भाग पांढऱ्या चिंधीवर घेऊन उजेडात पाहावा. नुसते काळपट असेल तर वापरामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि आठवडाभरात पुन्हा एकदा ग्रीस भरून ते पूर्ण हाकलावे. विटकरी असेल तर गंज सुरू झाला आहे, आणि चिंधीवर चमचमणारे कण दिसले तर खुंट किंवा सुया झडत आहेत. सरकत्या सांध्यालाही बहुधा स्वतंत्र निपल असते. त्याच्या टोकाला हवेसाठी बारीक छिद्र असेल तर त्यातून ग्रीस येऊ लागताच छिद्रावर बोट दाबून गन आणखी चालवावी, म्हणजे ग्रीस दुसऱ्या टोकाच्या सीलपर्यंत पोहोचते. काही नव्या शाफ्टच्या क्रॉसला निपलच नसते. ते कायमचे बंद केलेले असतात, त्यांत ग्रीस भरण्याची खटपट करू नये. त्यांची फक्त पाहणी करावी आणि खेळ पडला की ते बदलावेत.

किती अंतराने हे करावे, याचे एकच उत्तर नाही. निपल असलेल्या क्रॉसला ५,००० ते १०,००० किलोमीटरचा टप्पा सर्रास पाळला जातो. पण ओढ्यातून, पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून गेलेल्या गाडीला किलोमीटर मोजण्यात अर्थ नसतो, तिला त्याच आठवड्यात ग्रीस मिळाले पाहिजे. कोकणातील गाडीला पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, हे किमान समजावे. काढलेले ग्रीस आणि माखलेल्या चिंध्या नदीकाठी टाकू नयेत, आणि गाडी नदीत उतरवून धुण्याची रीतही मोडायलाच हवी.

क्रॉस बदलणे घरी का टाळावे, याचे कारण कामाच्या अवघडपणापेक्षा त्याच्या फसवेपणात आहे. हातोडीने कप ठोकून काढता येतो, पण त्या ठोक्यांनी योकचे कान किंचित वाकतात, नवा कप तिरका बसतो आणि आतली एखादी सुई आडवी पडली तर काही शे किलोमीटरांतच सांधा जातो. मोठा वाइस किंवा प्रेस आणि शेवटी यंत्रावर तोल तपासण्याची सोय असलेल्या ठिकाणी ते काम सोपवावे. गाडी परत आल्यावर फ्लँजच्या बोल्टांची डोकी पाहावीत. त्यांवर १०.९ असा आकडा असेल तर त्याचा अर्थ असा, की तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,००० न्यूटनचा ताण सोसल्यावर तुटतो. हार्डवेअरच्या दुकानातील साध्या ४.६ बोल्टची ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. हरवलेल्या बोल्टच्या जागी मापात बसला म्हणून साधा बोल्ट ठोकलेला असेल, तर तो तुटल्यावर शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर पडून जमिनीत रुतू शकते, आणि धावती गाडी त्यावर उचलली जाऊन उलटू शकते.

अलीकडच्या पुष्कळशा शहरी एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांच्या पोटाखाली प्रोपेलर नसतोच. त्याऐवजी गिअरबॉक्सपासून प्रत्येक पुढच्या चाकापर्यंत एकेक आखूड शाफ्ट असतो आणि त्याच्या टोकांना सीव्ही, म्हणजे एकसारखी गती देणारा, सांधा असतो. यांपैकी बाहेरचा सांधा बहुधा आल्फ्रेड रझेपा याने १९२०च्या दशकात आखलेल्या चेंडूंच्या रचनेवर बेतलेला असतो. हूकच्या सांध्यातला गतीचा झोका त्यात नाही. या सांध्याची सगळी मदार घडीदार रबरी बूटवर असते, ज्याला चीर पडली की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूवर उडते आणि त्याच्या जागी धूळ बसते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून बूटच्या घड्या बोटांनी उघडून पाहणे, एवढीच या शाफ्टची घरगुती निगा, पण ती दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी. चीर ताजी असताना नुसते बूट आणि ग्रीस बदलून भागते. वळणावर ‘कट्-कट्’ असा आवाज सुरू झाल्यानंतर सांधाच बदलावा लागतो.

चारही चाकांवर चालणाऱ्या थार किंवा गुरखासारख्या गाड्यांत पुढच्या ॲक्सलकडे जाणारा दुसरा प्रोपेलर असतो, आणि गाडी बहुतेक काळ दोन चाकांवरच चालवली जात असल्याने तो वर्षानुवर्षे विसरला जातो. काम न करणारा सांधा झिजत नाही हा समज चुकीचा आहे. सुया त्याच जागी उभ्या राहिल्या की ग्रीस वाळते आणि ओलाव्याने गंज धरतो. अशी गाडी मधूनमधून मातीच्या किंवा वाळूच्या निसरड्या वाटेवर चारही चाके जोडून थोडी चालवावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र नाही, कारण वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि मध्ये तो फरक सामावणारा डिफरन्शियल नसेल तर सगळा ताण दोन्ही शाफ्टच्या क्रॉसवर येऊन पडतो. पुढच्या शाफ्टच्या क्रॉसलाही निपल असेल तर मागच्याला ग्रीस भरून झाल्यावर, गन हातात असतानाच, त्यालाही द्यावे.